पर्जन्यछायेच्या धड्यावर पाणी

पंप सुरू करण्याआधी नळीचं दुसरं टोक कुठे आहे ते बघावं, हे मी नाशकातल्या अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत आलो. त्या बुधवारी नळीचं एक टोक पंपाला घट्ट बसवलेलं होतं, वर क्लिपसुद्धा होती. दुसरं टोक बायकोच्या भूगोलाच्या पुस्तकावर होतं.

पंप मी सुरू केला नव्हता, एवढं आधी सांगून ठेवतो. तो लाइट आली म्हणून सुरू झाला. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमच्या भागात रोज सकाळी दहा ते एक लोडशेडिंग असायचं आणि एकची लाइट एकलाच येणार असं मी धरून चाललो होतो. ती पावणेएकला आली. वीजवाल्यांनी वेळेआधी काही करावं याची आम्हाला सवय नव्हती.

मी तेव्हा स्वयंपाकघरात माठातलं पाणी पीत होतो. बाहेरच्या खोलीतून आधी चूळ भरल्यासारखा आवाज आला, मग बायकोचा.

"अहो, तुमचं यंत्र बरं झालं वाटतं."

मी धावलो नाही. पंपाच्या माणसाने धावायचं नसतं, आधी मेन स्विच पाडायचा असतो. हेही मी शिकवत आलो. आमचा मेन स्विच जिन्याखाली मीटरच्या पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली फ्रीजवर. मी किल्ली घेऊन जिन्याशी पोचेपर्यंत बायकोने टेबलाशेजारचं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं.

परत येऊन पाहिलं, तर ती पुस्तक शेंडीला धरल्यासारखं एका कोपऱ्यात धरून उभी होती. खाली टपटप चालू होतं.

"कितवा धडा?" मी विचारलं.

"पर्जन्यछायेचा प्रदेश," ती म्हणाली.

माझी बायको नांदगावची. तिचं सगळं बालपण त्या प्रदेशात गेलेलं. ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी यायचं. इतकं एका वेळेला कधी नाही आलं."

आता आमच्या घरी कॉम्प्युटरच्या टेबलावर पंप काय करत होता, ते सांगायला हवं.

बायको अंध मुलींच्या एका शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून द्यायची. वाचायचं, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, सीडी करून द्यायची. मुली वसतिगृहात राहायच्या आणि बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडच्या होत्या. ब्रेलमधलं पुस्तक वेळेवर मिळेलच असं नाही, मिळालं तर चौघींत एक. त्या वर्षी दहावीला एक मुलगी होती, तिला भूगोल अजिबात जमत नव्हता. म्हणजे नकाशा बोटांना कळायचा, पण धडा कोणी वाचून दाखवल्याशिवाय डोक्यात राहायचा नाही. तिने शाळेतल्या सरांकरवी निरोप पाठवला होता, की त्याच बाईंचा आवाज पाहिजे. झालं. दुपारी दोन ते चार, कॉलनी झोपलेली असताना, बायको माइकवर हातरुमाल टाकून वाचायला बसायची. त्या दोन तासांत घरात कोणी कुकर लावायचा नाही, असा नियम होता. खोकायचंसुद्धा गच्चीवर जाऊन.

एकदा ते सर सीडी न्यायला आले तेव्हा चहा पिता पिता सहज म्हणाले, "ताई, आवाज एकदम स्वच्छ येतो तुमचा. मागे थोडं घूं असं काहीतरी घुमतं, पण चालतं."

बायकोने "चालतं" ऐकलं. मी "घुमतं" ऐकलं.

घुमत होता तो प्रोसेसरवरचा पंखा. त्या काळचे प्रोसेसर तव्यासारखे तापायचे आणि पंखा त्यांच्या डोक्यावर दिवसभर पिठाच्या गिरणीसारखा चालायचा. दुसरा एखादा नवरा बारीक आवाजाचा पंखा घेऊन आला असता. पण मी वीस वर्षं पंप, पाइप आणि कूलिंग टॉवर यांच्यात काढलेला माणूस. यंत्र तापलं की त्याला पाणी द्यायचं, एवढंच मला माहीत. सायबर कॅफेत बसून मी परदेशी लोकांचे उद्योग वाचले, अकरा पानं छापून आणली आणि कामाला लागलो.

तांब्याचा ठोकळा आमच्या टूलरूममधल्या मित्राने कोरून दिला. जुन्या गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर लिंक रोडच्या भंगार बाजारात मिळाला; तो मी खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बांधला. बारा व्होल्टचा मुठीएवढा पंप पुण्याच्या ओळखीच्या माणसाने आणून दिला. आणि टाकी म्हणून घरातली लोणच्याची प्लास्टिकची बरणी घेतली. बायकोची परवानगी घेतली होती. बरणी रिकामी व्हायला दीड महिना लागला, तेवढा मी थांबलो. झाकणाला वरून एक भोक पाडलं, कारण टाकीला श्वास लागतो. पाणी बरणीतून पंपात, पंपातून प्रोसेसरवरच्या ठोकळ्यात, तिथून खिडकीबाहेर रेडिएटरमध्ये आणि परत बरणीत. या फेरीला त्या अकरा पानांत लूप म्हटलं होतं. मीही म्हणू लागलो. शेजारच्यांनी विचारलं, खिडकीला काय बांधलंय, तर मी सांगायचो, "लूप आहे." ते पुढे विचारायचे नाहीत.

आवाज खरोखर गेला. बायकोने पहिला धडा वाचून ऐकला आणि म्हणाली, "माझा श्वास ऐकू येतोय." मी ती स्तुती समजलो.

तो काढलेला पंखा मी टाकून दिला नाही. जुने भाग टाकायचे नसतात. खोक्यात घालून माळ्यावर ठेवला.

पाच-सहा महिने सगळं ठीक चाललं. मग दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या कारखान्यात सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा होते. लेथला, ड्रिलला, क्रेनला, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार. त्या दिवशी मी घरी येऊन आमच्या यंत्राचीही पूजा केली. घरातलं हे एकच यंत्र मी स्वतः बनवलेलं होतं. बरणीच्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं फूल ठेवलं. मेंटेनन्सच्या माणसाचा हात ग्रीस लावून लावून मोकळा झालेला असतो. बायको दारातून बघत होती.

"जरा हात आखडता घ्या," ती म्हणाली. "नवरी नाहीये ती."

पाच दिवसांनी, सोमवारी, बरणीतलं पाणी गुलाबी झालेलं दिसलं.

मी टॉर्च लावून पाहिलं. बोट बुडवून वास घेतला. आणि निदान केलं. तांब्याचा ठोकळा, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि मध्ये पाणी. दोन धातू एकाच पाण्यात आले की एक दुसऱ्याला खातो. गंज सुटलाय. हे मी बायकोला समजावलं, खालच्या मजल्यावरच्यांना समजावलं आणि मंगळवारी कारखान्यात चहाच्या वेळी तिघांना समजावलं. तिघांनाही ते पटलं.

"मग आता?" बायको म्हणाली.

"आता सगळं उघडून, धुऊन, नवं डिस्टिल्ड पाणी भरायचं. दोन तासांचं काम."

"माझे सहा धडे राहिलेत. शनिवारी पाचला सर येणार. सोमवारपासून तिची सहामाही आहे, आणि भूगोल पहिला."

"दोन तास," मी म्हटलं.

"नाहीतर असं करा ना, माळ्यावरचा जुना पंखा लावा तेवढ्यापुरता. मी वाचून घेते. मग बसा तुम्ही आठ दिवस धूत."

हे अत्यंत व्यवहारी बोलणं होतं. पंखा लावायला मला अर्धा तास लागला असता. मी म्हटलं, "आता मागे जायचं नाही." कोणाच्या मागे आणि कुठे, ते मला आजही सांगता येणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी पाणी काढलं, नळ्या काढल्या, ठोकळा चिंचेने घासला. ठोकळा आतून लखलखीत होता, गंजाचा डाग नाही. हे विचित्र होतं, पण मी म्हटलं, गंज सुरुवातीला असाच फसवतो. पंप मात्र उघडला नाही. चालता पंप उघडायचा नाही, हे आमच्याकडचं पहिलं वाक्य.

बुधवारी मी रजा टाकली. आता नळ्या धुवायच्या तर पंपानेच पाणी ढकलायला हवं. इथे एक अडचण असते. कॉम्प्युटरला वीज देणारा जो पत्र्याचा डबा असतो, तो मदरबोर्डने "चालू हो" म्हटल्याशिवाय चालू होत नाही. पण पाण्याचं काम चाललेलं असताना मदरबोर्डला वीज द्यायची नसते. एखादा सांधा गळला तर बोर्ड जळतो. म्हणून बोर्डाचा मोठा प्लग उपटायचा आणि त्या प्लगमधली हिरवी वायर आणि काळी वायर एकमेकींना जोडायची. डब्याला वाटतं बोर्डानेच सांगितलं. मग बाकी सगळं झोपलेलं राहतं आणि एकटा पंप फिरतो.

त्या अकरा पानांत यासाठी कागदाची क्लिप वापरा असं लिहिलं होतं. घरात क्लिप नव्हती. आरशापुढे बायकोचा अंबाड्याचा आकडा होता. नेमका त्याच आकाराचा. आधी लावून पाहिला, काही होईना. मग लक्षात आलं, आकड्यावर काळा रंग असतो आणि रंगातून वीज जात नाही. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून पांढरी केली. आकडा बसवला, भिंतीवरचं बटण दाबलं, तरी काही होईना. तेव्हा घड्याळात पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. लोडशेडिंग.

आकडा तसाच, बटण तसंच दाबलेलं, आणि मी उठलो. बरणीत धुवायचं पाणी भरून झालं होतं, पंपातून निघणारी नळी परत बरणीत सोडायची राहिली होती. ती टेबलावर टेकवून ठेवली. टेबलावर पुस्तक होतं.

कारखान्यात अशा वेळी काय करतात ते मला झोपेत विचारा. मोटरला स्टार्टर असतो तो याचसाठी, की लाइट जाऊन परत आली तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय मोटर फिरू नये. शिवाय स्विचवर पत्र्याची पाटी लटकवायची असते, "काम चालू आहे, स्विच लावू नये." आमच्या विभागातल्या सगळ्या पाट्या मी स्वतः रंगवलेल्या आहेत. अक्षर चांगलं आहे म्हणतात.

तर पावणेएकला लाइट आली.

पुस्तक दुपारी गच्चीवर गेलं. ऑक्टोबरचं ऊन होतं म्हणून बरं. पानं एकमेकांना चिकटली होती. ती बायको एकेक सोडवायची, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायची आणि मी वर खडा ठेवायचो. पुस्तक बदलून आणता आलं असतं, नवं मिळत होतं. पण तिने त्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. कुठे थांबायचं, कुठे आकृती आली तर काय सांगायचं, कुठे तीच ओळ दोनदा वाचायची. अंध मुलीला आकृती दिसत नाही, म्हणून तिने प्रत्येक नकाशा शब्दांत लिहून समासात बसवला होता. "बोट डावीकडून वर न्या, इथे सह्याद्री लागेल." महिन्याभराचं काम होतं ते. पेन्सिल पाण्याने जात नाही, एवढी माझ्यावर मेहेरबानी झाली.

"वाचता येईल," मी म्हटलं.

"वाचता येईल हो. रेकॉर्ड कशावर करू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत भरतो. मग चोवीस तास नुसता पंप चालवून गळती तपासायची. पानांत लिहिलंय तसं."

"चोवीस तास?"

"सलग."

"नाशकात चोवीस तास सलग लाइट मिळाली की मला सांगा," ती म्हणाली. "मी तुमच्यासोबत बघायला बसेन."

गुरुवारी पहिल्या पाळीहून साडेतीनला घरी आलो, तो थेट टेबलाशी. नळ्या जोडल्या, एकेका टोकाला हात लावून मोठ्याने मोजल्या, बायकोलाही मोजायला लावल्या. सगळ्या सांध्यांखाली वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे थेंब पडला तर दिसेल. नवं पाणी भरलं. आकडा बसवला. बटण दाबलं. पंप फिरू लागला आणि त्यातून कट्-कट्-कट् असा आवाज यायला लागला.

"हवा आहे," मी म्हटलं. "निघेल."

तासभर मी कॅबिनेट पुढे-मागे कलती करून हवा काढत होतो, बाळाला ढेकर काढतात तशी. हवा निघाली. कट्-कट् तसंच. पाणीही पुन्हा किंचित गुलाबी दिसायला लागलं.

बायको शेजारी चटईवर बसून भेंडी चिरत होती. "नवा गंज?" तिने विचारलं.

मग मात्र मी पंप उघडला. चार स्क्रू. आत पाणी ओढून घ्यायचं जे तोंड असतं, तिथे काहीतरी पांढरट अडकलं होतं. चिमट्याने काढून तळहातावर घेतलं. मी ते खूप वेळ पाहिलं. सीलचा तुकडा असेल असं म्हणणार होतो.

बायकोने विळी बाजूला ठेवली, माझा हात स्वतःकडे ओढला, चष्मा वर केला.

"इंद्रायणी आहे," ती म्हणाली. "घोटीचा. मागच्या पोत्यातला."

अक्षतेचा तो दाणा फुगून दुप्पट झालेला होता, एका टोकाला अजून हळद होती. मी बरणीचं झाकण हातात घेतलं. श्वासाचं भोक. त्याच्या कडेला कुंकवाची लाल वर्तुळाकार रेघ. खंडेनवमीपासून ते रोज थोडं थोडं आत पाझरत होतं.

मी नखाने ती रेघ खरवडली, नख लाल झालं.

"खालच्यांना सांगणार आहात का?" तिने विचारलं.

"काय?"

"की दोन धातू एकमेकांना खात नव्हते."

मी पंप धुवायला घेतला. तिने तो विषय तेव्हा वाढवला नाही, भेंडीही राहिली होती. एवढं मात्र म्हणाली, "आज गुरुवार गेला. उद्या दुपारी एकला मी इथे वाचायला बसणार. पाण्यावर चालो, हवेवर चालो, नाहीतर तुम्ही हाताने वारा घाला. तिचा पेपर सोमवारी आहे. तुमचा नाही."

शुक्रवारी मी दुसरी रजा टाकली. कारखान्यात कारण विचारलं तेव्हा "घरचा पंप" सांगितलं आणि साहेबांनी लगेच मान डोलावली. पाण्याची अडचण सगळ्यांनाच कळते. गळतीची तपासणी चोवीस तासांऐवजी, लाइट होती तेवढे मिळून, जेमतेम आठ तास झाली. वर्तमानपत्र कोरडं होतं. मी आकडा काढला, बोर्डाचा प्लग परत बसवला आणि बरोबर एकला कॉम्प्युटर सुरू झाला. झाकणाच्या भोकावर मी मलमलीचा तुकडा बांधला होता. उशीर झाला होता, पण बांधला.

तिने वाचायला सुरुवात केली आणि मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. माझं काम एवढंच होतं की आवाज येऊ द्यायचा नाही. भाजीवाल्याला मी कोपऱ्यावरच गाठून दोन जुड्या मेथी घेतली, म्हणजे तो ओरडणार नाही. एका कुत्र्याला भाकरी दिली. कुरिअरवाल्याला बोटाने गप्प केलं तर त्याने विचारलं, "कोण गेलं का?" मी मान हलवली. तो पाकीट ठेवून चप्पल न वाजवता गेला.

आतून तिचा आवाज येत होता. भिजलेली पानं वाळून कडक झाली होती, उलटताना पापडासारखी वाजत होती. म्हणून ती पान उलटताना थांबायची, हळूच पान उलटायची आणि मग पुढे वाचायची. दोन दिवसांत तिने सहा धडे संपवले. शेवटचा शनिवारी सव्वातीनला संपला. घसा बसला होता. पाच वाजता सर आले, तिने खुणेनेच त्यांच्या हातात सीडी दिली. सर म्हणाले, "ताई, यंदा लवकर झालं तुमचं."

दिवाळीनंतर सर पुन्हा आले, यावेळी त्या मुलीला घेऊन. बारीक चणीची, दोन वेण्या, हातात काठी. भूगोल चांगला गेला होता, ते सांगायला ती स्वतः आली होती. दिवाळीत घरी जाऊन आली होती, तिथून बायकोसाठी नागलीच्या पापडांची पिशवी आणली होती. बायकोने तिला जवळ बसवलं. मुलगी कान देऊन खोली ऐकत होती.

"बाई, तुमी हितंच वाचता?"

"इथंच. हे काय टेबल."

तिने हात पुढे केला. बायकोने तिचा हात टेबलावर नेला, माइकवर, मग बरणीवर. बरणी किंचित थरथरत होती.

"यात पाणी हाय?"

"आहे," मी म्हटलं. संधी आली होती. मी तिला थोडक्यात लूप समजावला. थोडक्यात म्हणजे बराच. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण कशाला?" ती म्हणाली.

"आवाज होऊ नये म्हणून. आधी मागे पंखा घुमायचा ना."

सर चहाच्या कपात बघत होते.

"तो आवाज चांगला व्हता," ती म्हणाली. "आता बाई पान उलटाया थांबल्या का काहीच ऐकू येत नाय. मला वाटायचं शीडी बंद पडली. मंग मी बटन दाबायची, मंग धडा पयल्यापासून. पर्जन्यछाया मी सात बारी ऐकली."

"मग?" बायकोने विचारलं.

"मंग तीच आली पेपरात. पर आधी घूं चालू असायचं, तवा कळायचं, बाई हायेत. बसल्यात हितंच. पान उलटून वाचतील."

मी डेसिबलबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली होती, ते वाक्य अर्धंच राहिलं. सर म्हणाले, "चला, बस गाठायचीय." बायकोने मुलीच्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत तिला सोडून आली.

मी टेबलाशी उभा होतो. बरणीतलं पाणी स्वच्छ होतं, झाकणावर मलमल होती, एकही सांधा गळत नव्हता. त्या वर्षभरात ते यंत्र त्या दिवसाइतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं.

बायको वर आली, आरशापुढे गेली. अंबाडा सोडून पुन्हा घातला आणि घासून पांढरा झालेला तो आकडा त्यात खोचला. मग माळ्याकडे बघत म्हणाली, "शिडी आणा. तो पंखा काढा खाली."